ट्रॅक चुकलाय खरा, पण कशानं?

सर्व्हेच्या होडीच्या ट्रॅकची, म्हणजे जीपीएसनं नोंदवलेल्या वाटेची, फाईल नकाशावर टाकली आणि होडी काठावरच्या उसातून चाललेली दिसली, की नव्या माणसाचा हात आधी ‘मूव्ह’च्या बटणावर जातो. सगळी रेघ उचलायची, पाण्यात आणून ठेवायची, झालं काम! तसं करू नका. रेघ पाण्यात येते, पण खोलीचे आकडे चुकीच्याच जागी राहतात. वर चूक डोळ्यांना दिसायची बंद होते, म्हणजे पुढच्या माणसाला ती सापडायचीही सोय राहत नाही.

मी मूळची परभणीची, सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, आणि हे काम छत्रपती संभाजीनगरात बसून करते. अर्ध्या फायली नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, आणि आसपासच्या धरणांच्या असतात. गाळ किती साचला ते काढायला होडीवरून खोली मोजतात, त्या. उरलेल्या अर्ध्या समुद्राच्या, मुंबई-रत्नागिरीकडून येणाऱ्या. समुद्र इथून रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर आहे, पण ट्रॅकच्या चुका गोड्या पाण्यात आणि खाऱ्या पाण्यात सारख्याच होतात. म्हणून उदाहरणं मी दोन्हीकडची देणार आहे.

फाईल हातात आली की मी चार गोष्टी विचारते. होडीची दिशा बदलली की चूक बदलते का? वेग बदलला की बदलते का? वेळ जाईल तशी वाढते का? की काहीही झालं तरी तेवढीच आणि त्याच बाजूला राहते? दिशेबरोबर फिरणारी चूक म्हणजे जीपीएसची अँटेना आणि खोली मोजणारा सेन्सर यांच्यातलं अंतर, म्हणजे ऑफसेट. वेगाबरोबर वाढणारी म्हणजे पोझिशन उशिरा पोचते, म्हणजे लेटन्सी. वेळेबरोबर वाढणारी म्हणजे ड्रिफ्ट. आणि जी हलतच नाही, ती बहुतेक वेळा होडीवर झालेलीच नसते. ती कॉम्प्युटरवर, कोऑर्डिनेट बदलताना झालेली असते. या चारांतली कोणती, हे ठरल्याशिवाय एकही आकडा बदलू नका. मूळ फाईल हात न लावता बाजूला ठेवा आणि दुरुस्तीचे आकडे नव्या कॉलममध्ये घाला. यावर जास्त बोलत नाही, शहाण्याला पुरे.

हलत नाही ती चूक

सगळ्यात सोपी, म्हणून आधी ती काढून टाकू. जीपीएस रिसीव्हरच्या, जागा आणि वेळ सांगणाऱ्या जीजीए ओळीत अक्षांश अंश आणि मिनिटं असे एकाला एक चिकटवून येतात. १९२९.१२३४ म्हणजे १९ अंश २९.१२३४ मिनिटं. मिनिटांना ६० नं भागलं की १९.४८५३९ अंश होतात, म्हणजे पैठणचं पाणी. तेच कुणी घाईत १९.२९१२३४ अंश असं वाचलं, तर बिंदू साडेएकवीस किलोमीटर दक्षिणेला, कोरड्या रानात जाऊन पडतो. ओळखायची खूण अशी: अख्ख्या फाईलमध्ये दशांशानंतरचे पहिले दोन आकडे कधीच ५९ च्या वर जात नाहीत. मिनिटं ६० ला संपतात ना!

दुसरी गोष्ट झोनची. यूटीएम म्हणजे पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगायची पद्धत. तिचा ४३ क्रमांकाचा झोन ७२ ते ७८ अंश रेखांशाचा. मराठवाडा जवळजवळ सगळा त्यात बसतो, पण किनवट ७८ च्या पलीकडं, ४४ मध्ये. समुद्रात हाच प्रकार ७२ अंशांवर होतो. मुंबई ४३ मध्ये आणि मुंबई हायचं तेलक्षेत्र ४२ मध्ये. त्यामुळं मुंबईहून निघालेल्या जहाजाचा ट्रॅक वाटेत झोन ओलांडतो, आणि सॉफ्टवेअरनं तिथं आपोआप झोन बदलला तर रेघ अचानक सहाशे किलोमीटर उडी मारते. पूर्ण प्रकल्पासाठी एकच झोन ठरवा आणि तो फाईलच्या नावात लिहा.

तिसरी, जुन्या टोपोशीटवरून घेतलेले खुणेचे दगड. ती शीट एव्हरेस्ट गोलाभावर आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराची दोन वेगळी मापं. दोन्हींतली सरक आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त भरते. ती सगळीकडं सारखीच दिसते, त्यामुळं ‘मूव्ह’चा मोह इथं सगळ्यात जास्त होतो. पण रेघ हातानं ढकलण्याऐवजी डेटम, म्हणजे हे मूळ मापच, नीट बदलून घ्या.

आणखी एक लहानशी गोष्ट. ट्रॅक झूम करून पाहिला आणि तो जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसला, तर लॉगरनं मिनिटांचे तीनच दशांश साठवलेत. एक पायरी १.८५ मीटरची. हरवलेला चौथा दशांश कुठलंही गणित परत आणून देणार नाही. रिसीव्हरची मूळ नोंद मिळते का ते बघा.

वेळ, आणि तीही सगळ्यांच्या आधी

ऑफसेट लावायला दर क्षणाचं हेडिंग, म्हणजे होडीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते, लागतं, आणि ते हेडिंग आपण वेळेवरून शोधतो. वेळच चुकीची असेल तर वळणावर उत्तरेला तोंड केलेल्या होडीला पूर्वेचं हेडिंग लागतं आणि ऑफसेट भलत्याच बाजूला जातो. म्हणून घड्याळ आधी, बाकी सगळं मागाहून.

जीजीए ओळीतली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपली घड्याळं साडेपाच तास पुढं. ही चूक एवढी मोठी की लगेच दिसते. फसवते ती १८ सेकंदांची. उपग्रहांची स्वतःची जीपीएस वेळ यूटीसीच्या १८ सेकंद पुढं आहे, १ जानेवारी २०१७ पासून. एका यंत्रानं जीपीएस वेळ लिहिली आणि दुसऱ्यानं यूटीसी, तर चार नॉटनं, म्हणजे सेकंदाला दोन मीटरनं चाललेल्या होडीचा प्रत्येक सेन्सर ३६ मीटर मागं किंवा पुढं बसतो. ही लेटन्सीसारखीच दिसते. आकडा १८ च्या आसपास आला की आधी इथं शोधा.

मग लॅपटॉपच्या घड्याळाचा ड्रिफ्ट. समजा सकाळी नऊला लॅपटॉप जीपीएसच्या मागं ०.२ सेकंद होता आणि संध्याकाळी पाचला २.६ सेकंद. आठ तासांत २.४ सेकंद, म्हणजे तासाला ०.३. दुपारी एकच्या नोंदीला ०.२ अधिक १.२, असे १.४ सेकंद मिळवायचे. दोन मीटर वेगाला ते २.८ मीटर झाले. गणित चौथीच्या पोराचं आहे, पण ते लावण्याआधी मधल्या वेळचे फरक काढून त्यांचा आलेख बघाच. कारण होडीवर कुणीतरी मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करतं, लॅपटॉपला नेट मिळतं आणि विंडोज गुपचूप घड्याळ जुळवून मोकळं होतं. तिथं उतरण नसते, सरळ पायरी असते. पायरीवर उतरणीचं गणित लावलं तर सकाळचा चांगला डेटा बिघडतो आणि दुपारचा सुधरत नाही. पायरी असेल तिथं फाईलचे दोन तुकडे करा आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी करा.

अँटेना इथं, सेन्सर तिथं

नाथसागरावर सर्व्हेची होडी म्हणजे बहुतेकदा मासेमारीची भाड्यानं घेतलेली होडी. टपावर अँटेना आणि बाजूला लोखंडी पाइपाला शिकंज्यानं आवळलेला ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडून खोली मोजणारा सेन्सर. जीपीएस सांगतो ती जागा अँटेनाची. खोली मोजली जाते ती पाइपाच्या खालच्या टोकाशी.

हे अंतर होडी काठाला असतानाच टेपनं मोजून घ्या, आणि कागदावर होडीचं चित्र काढून त्यावर लिहा. ‘पुढं अधिक, उजवीकडं अधिक, खाली अधिक’ असे संकेतही त्याच कागदावर. मला आलेल्या कागदांवर नुसतं ‘२.४ आणि १.१’ असतं. अँटेनापासून ट्रान्सड्यूसर मागं की ट्रान्सड्यूसरपासून अँटेना मागं, हे काय मी स्वप्नात बघायचं?

समजा ट्रान्सड्यूसर अँटेनाच्या २.४ मीटर मागं आणि १.१ मीटर उजवीकडं आहे. पुढचं अंतर उणे २.४, उजवीकडचं १.१. पूर्वेकडची दुरुस्ती म्हणजे पुढचं अंतर गुणिले हेडिंगचा साइन, अधिक उजवं अंतर गुणिले कोसाइन. उत्तरेकडची म्हणजे पुढचं अंतर गुणिले कोसाइन, उणे उजवं अंतर गुणिले साइन. हेडिंग ६० अंश घेतलं तर पूर्वेला उणे १.५३ आणि उत्तरेला उणे २.१५ मीटर येतात. ताळा असा करा: दोन्ही दुरुस्त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ २.६४, आणि टेपच्या दोन अंतरांचंही २.६४. जुळलं नाही तर सूत्रात कुठंतरी चिन्ह उलटलंय. एक्सेलमध्ये कोन रेडियनमध्ये लागतात, तेही विसरू नका.

आता खरी गोम हेडिंगची आहे. बरेच जण ट्रॅकच्या दोन बिंदूंमधली दिशा काढतात आणि तिलाच हेडिंग समजतात. नाथसागरावर वारा सुटला की हे का चालत नाही, ते होडीवाल्या मामांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं: “ताई, वाऱ्यात हिचं नाक एकीकडं असतंय आन् चाल दुसरीकडं.” लाटा आडव्या येत असताना होडी ठरलेल्या लाइनीवर ठेवायला मामा तिचं तोंड वाऱ्याकडं वळवून धरतात. ट्रॅक पूर्वेला चाललेला, तोंड मात्र पंधरा-वीस अंशांनी फिरलेलं. दोन-अडीच मीटरच्या ऑफसेटला त्यानं अर्धा-पाऊण मीटर फरक पडतो. मोठ्या जहाजावर अँटेना आणि सेन्सर तीस मीटर लांब असतील तर हाच फरक आठ-दहा मीटरचा होतो. म्हणून दोन अँटेनांचं किंवा जायरो होकायंत्राचं हेडिंग मागा. साधं चुंबकीय होकायंत्र असेल तर आपल्याकडं चुंबकीय फरक एका अंशाच्या आतच असतो, त्याची काळजी नको. काळजी करायची ती शेजारच्या इंजिनाच्या लोखंडाची.

मागं केबलनं ओढलेलं यंत्र असेल, तळाचं चित्र काढणारा साइड स्कॅन सोनार वगैरे, तर नियम उलटा. ते जहाजाच्या तोंडाच्या रेषेत मागं येत नाही, जहाज जिथून गेलं त्या वाटेनं येतं. इथं ट्रॅकचीच दिशा घ्यायची. ६० मीटर केबल सोडली असेल आणि यंत्र ओढण्याच्या टोकापासून १५ मीटर खाली असेल, तर पायथागोरसनं ५८ मीटर मागं येतं. केबलला झोळ असल्यानं खरं अंतर याहून थोडं कमी. वळणावरचा डेटा सरळ कापून टाका, तिथं यंत्र कुठं होतं हे देवालाच माहीत. हेडिंग खऱ्या उत्तरेचं आणि नकाशा ग्रिड उत्तरेचा, म्हणजे यूटीएमच्या उभ्या रेषांचा, हा फरकही लांब केबलवर दिसतो. नांदेडच्या रेखांशाला तो पाऊण अंश भरतो, म्हणजे दोनशे मीटर मागं अडीच मीटरच्या वर. होडीच्या पाइपाला मात्र त्याचा हिशोब करत बसू नका.

जाताना आणि येताना

नाथसागराच्या तळाशी गोदावरीचं जुनं पात्र आहे. सर्व्हेच्या लाइनी त्याला आडव्या जातात, एक जाताना, शेजारची येताना. त्यातून काढलेला कंटूर, म्हणजे सारख्या खोलीची रेघ, पात्राच्या काठावर करवतीच्या दात्यांसारखा आला, एक लाइन पुढं, एक मागं, तर चूक हालचालीच्या दिशेत आहे हे नक्की. पण ती ऑफसेटची की लेटन्सीची? दोन्ही अगदी सारख्याच दिसतात, आणि बहुतेक मंडळी इथंच गल्लत करून सगळं खापर लेटन्सीवर फोडतात.

सोडवायची रीत अशी. पात्राला आडवी, उतारावरून वर-खाली जाणारी एक लाइन निवडा. तिच्यावरून जा आणि त्याच वेगानं परत या. मग हेच निम्म्या वेगानं करा. प्रत्येक जोडीत काठाची कड दोन ठिकाणी दिसेल, त्यांच्यातलं अंतर मोजा. हे अंतर म्हणजे दुप्पट ऑफसेट अधिक वेग आणि उशीर यांच्या गुणाकाराची दुप्पट. समजा सेकंदाला २ मीटर वेगानं अंतर ५.२ मीटर आलं आणि १ मीटर वेगानं ३.६. वजाबाकी १.६, ती दोन वेगांतल्या फरकाच्या दुपटीनं, म्हणजे दोननं भागली की उशीर ०.८ सेकंद. वेगाचा वाटा ३.२ मीटर, तो ५.२ मधून काढला तर २ उरतात, त्याचा निम्मा १ मीटर ऑफसेट. म्हणजे टेपनं मोजलेलं अंतर १ मीटरनं चुकलेलं आहे किंवा चिन्ह गडबडलंय. नुसता एकाच वेगाचा आकडा घेऊन सगळं लेटन्सीत ढकललं असतं तर १.३ सेकंद आले असते. ते त्या वेगाला बरोबर दिसले असते आणि होडी हळू झाली की चुकले असते.

बाजू कशी ठरवायची? दोन्ही फेऱ्यांत काठ होडी जिकडून आली तिकडं ओढलेला दिसत असेल, तर पोझिशन जुनी लागतेय किंवा ट्रान्सड्यूसर अँटेनाच्या पुढं आहे. बिंदू पुढं सरकवा. पुढं ढकललेला दिसत असेल तर उलट.

हा प्रयोग सपाट तळावर करून काहीच हाती लागत नाही. आडवी चूक उतारावर शोधायची आणि उभी चूक सपाट तळावर. उभ्या चुकीत पाइप पाण्यात किती बुडलाय ते आलं, आणि पाण्याची पातळीही आली. जायकवाडीची पूर्ण पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६३.९०६ मीटर. गेजची नोंद फुटांत आणि खोली मीटरमध्ये आली तर रूपांतर कुणी केलंय ते विचारून घ्या. समुद्रात पातळी म्हणजे भरती-ओहोटी, आणि मुंबईला अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला ती चार-पाच मीटरनं हलते. तिथं तासाची चूकही महागात पडते. पाण्यातल्या आवाजाचा वेग यंत्रात सेकंदाला १५०० मीटर असाच ठेवला असेल तर तो ना ऑफसेट ना ड्रिफ्ट. ती चूक खोलीबरोबर वाढते. अरबी समुद्राच्या २८ अंशांच्या पाण्यात आवाज १५४० च्या आसपास धावतो, म्हणजे ३० मीटरला ८० सेंटिमीटर कमी खोली दिसते.

वाहवत जाणारा ट्रॅक

पाण्याखाली जीपीएस लागत नाही. तिथं स्वतः चालणारं यंत्र आपल्या वेगावरून आणि दिशेवरून आपली जागा अंदाजानं काढत जातं, आणि अंदाज हळूहळू वाहवतो. समजा दोन तासांनी ते वर आलं तेव्हा त्याची स्वतःची जागा आणि जीपीएसची जागा यांत ४० मीटर फरक निघाला. शेवटच्या बिंदूला ४० मीटरची दुरुस्ती, सुरुवातीला शून्य, ४५ व्या मिनिटाला १५ मीटर, पूर्व-उत्तर वेगवेगळी काढून. पॉलिटेक्निकला ट्रॅव्हर्सची क्लोजिंग एरर बाउडिचच्या नियमानं लांबीच्या प्रमाणात वाटली होती, आठवतंय? हे त्याचंच भावंड. यंत्र मध्ये थांबलं असेल किंवा वेग बदलला असेल तर वेळेऐवजी चाललेल्या अंतराच्या प्रमाणात वाटा, आणि वाटेत ओळखीची एखादी वस्तू दोनदा दिसली असेल, पाइपलाइन, बुडालेला सांगाडा, काहीही, तर तिथं तपासून बघा.

साध्या होडीवरही जीपीएस वाहवतो. जीजीए ओळीतला क्वालिटीचा आकडा ४ असेल तर आरटीके, म्हणजे काठावरच्या स्थिर रिसीव्हरच्या मदतीनं केलेली बारीक दुरुस्ती, पक्का, ५ म्हणजे तोच तरंगता, २ म्हणजे गगनसारख्या उपग्रहसेवेची मदत मिळालेली, १ म्हणजे एकटा जीपीएस. ४ वरून १ वर गेला की ट्रॅक मीटर-दोन मीटर उडी मारतो किंवा हळूहळू सरकतो. यावर लोक सरासरीचा फिल्टर फिरवून रेघ गुळगुळीत करतात. गुळगुळीत रेघ बघायला छान वाटते, पण वळणांचे कोपरे कापले जातात आणि उडी दोन्हीकडच्या चांगल्या बिंदूंमध्ये मुरते. मी ४ सोडून बाकीच्यांना वेगवेगळे रंग देते आणि त्या तुकड्याचा निर्णय वेगळा घेते.

आडव्या लाइनी

शेवटी क्रॉसओव्हर. मुख्य लाइनींना काटकोनात घेतलेल्या लाइनी जिथं छेदतात तिथल्या दोन खोल्यांची वजाबाकी. जीएमटी या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधलं एक्सटूसिस हे छेद शोधून देतं, आणि दर ट्रॅकला स्थिर सरक किंवा वेळेबरोबरचा ड्रिफ्ट बसवूनही देतं. क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर आणि थोडं पायथन असेल तरी भागतं.

ऑफिसातली एक मुलगी परवा म्हणाली, “ताई, फरकांची सरासरी शून्य आली, म्हणजे फाईल बरोबर ना?” मी तिला तेच फरक दिशेनुसार वेगळे करायला लावले. पूर्वेला जाणाऱ्या लाइनींचे सगळे अधिक, पश्चिमेच्या सगळे उणे. एकमेकांना खाऊन सरासरी शून्य! म्हणून सरासरीवर विसंबू नका. फरकांचे तीन आलेख काढा: वेळेसमोर, हेडिंगसमोर, वेगासमोर. ज्या आलेखात ठिपके आकार घेतात, ती दुरुस्ती अजून राहिलीय. तिन्हींत नुसते विखुरले तर उरलेली चूक नुसता गोंगाट आहे. मग ती मर्यादेत बसते का ते बघा. समुद्रासाठी आयएचओ या आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ या मानकात ऑर्डर १-अ या दर्जाच्या सर्व्हेला जागेची मर्यादा ५ मीटर अधिक खोलीच्या ५ टक्के आहे, आणि १० मीटर खोलीत उभी मर्यादा साधारण ५२ सेंटिमीटर.

एक्सटूसिससारख्या प्रोग्रामनं आपोआप ड्रिफ्ट बसवायच्या फंदात सुरुवातीलाच पडू नका. त्याला ऑफसेटची चूक दिली तरी तो बिचारा तीत ड्रिफ्ट शोधून दाखवतो. टेपची, घड्याळाची आणि वेगाची दुरुस्ती झाल्यावर जे उरेल तेवढंच त्याच्या हवाली करा. त्यानंतरही एखादी लाइन इतरांशी भांडतच राहिली तर तिला आणखी ओढाताण करून जुळवू नका. लॉगमध्ये तिचा नंबर, वेळ आणि ‘वगळली’ असं लिहा, आणि सर्व्हे पार्टी अजून पाण्यावर असेल तर फोन करून तेवढी लाइन पुन्हा मारून घ्या.